आठ वाजता रस्ता बंद होतो

बेल्जियमला जाणारे बरेचजण ईपर हे गाव उभ्या उभ्या उरकतात, सकाळी ब्रुजहून यायचं, दुपारी परत. आम्ही दोन रात्री राहिलो आणि पहिली घोळातच गेली. नवऱ्याच्या मोबाईलवर फ्रेंच नाव, यप्र, स्टेशनवरच्या बोर्डावर सगळीकडे ईपर (तिथले फ्लेमिश लोक तेच म्हणतात), आम्ही प्लॅटफॉर्मवर वाद घालतोय आणि गाडी डोळ्यांदेखत गेली! पोचेपर्यंत नऊ वाजून गेलेले, म्हणजे ज्यासाठी आलो ते रात्री आठचं बिगुलवादनच हुकलं.

पण त्यामुळे रात्रीचा रिकामा चौक बघायला मिळाला. समोर ती प्रचंड क्लॉथ हॉल, लोकरीच्या कापडाच्या व्यापारावर १३व्या शतकात उभी राहिलेली. मी आपली भारावून फोटो काढतेय, आणि सकाळी ब्रेकफास्टला घरमालकीणबाई म्हणतात, अहो ते सगळं १९६७ ला बांधून पूर्ण झालं. म्हणजे माझ्या मोठ्या काकांपेक्षा लहान! पहिल्या महायुद्धात तोफांनी गाव पार भुईसपाट झालं होतं. चर्चिलचं म्हणणं होतं की अवशेष तसेच ठेवा, स्मारक म्हणून, पण गावकऱ्यांनी घरं होती तशी परत बांधली. माझ्या मते बरोबरच केलं, ढिगाऱ्यात राहायचं कुणी?

बाईंच्या खिडकीत एका बशीत बोराएवढ्या शिशाच्या गोळ्या होत्या. मला वाटलं शोपीस. तर त्या श्रॅपनेलच्या, म्हणजे तोफगोळ्यात भरलेल्या, बागेत खणताना निघालेल्या. आसपासच्या शेतात अजून न फुटलेले तोफगोळे निघतात, शेतकरी ते बांधाला काढून ठेवतात आणि लष्कराचे लोक येऊन नेतात. बाई हे सगळं ब्रेडला लोणी लावता लावता सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मात्र साडेसातलाच मेनिन गेटला जाऊन उभे राहिलो. १९२७ ची स्मारक-कमान, आत ५४ हजारांवर नावं, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याकडून लढताना मेलेल्या आणि ज्यांची थडगीसुद्धा सापडली नाहीत अशा सैनिकांची. रोज रात्री आठला पोलीस रस्ता अडवतात आणि अग्निशमन दलाचे बिगुलवाले लास्ट पोस्ट, म्हणजे मेलेल्या सैनिकांना मानवंदनेची धून, वाजवतात, १९२८ पासून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना तेवढा खंड पडला, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये गाव सुटलं त्याच संध्याकाळी परत सुरू. बिगुल थांबल्यावर इतकी गर्दी असून कुणाच्या जॅकेटची चेन ओढल्याचाही आवाज ऐकू आला. टाळ्या वाजवत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. संपलं की दोन मिनिटांत गाड्या परत त्याच कमानीखालून.

सकाळी साडेसहाला मी एकटीच परत गेले, कारण रात्री आपली, म्हणजे ब्रिटिशांच्या फौजेतल्या भारतीय सैनिकांची, नावं शोधायला जमलंच नव्हतं. पलटणींप्रमाणे कोरलेली: ४७ सिख, १२९ बलुची, ५७ वाइल्ड्स रायफल्स. इथे २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी क्लोरीनचा विषारी वायू सोडला आणि चारच दिवसांनी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या लाहोर डिव्हिजनला हल्ल्याला पाठवलं, धड मास्क नाहीत, तोंडाला ओलं फडकं बांधून. सिंग, सिंग, खान, सिंग, मान अवघडेपर्यंत वाचत राहिले. मागून पावाची गाडी आली, मी मध्येच उभी होते, ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता थांबून वाट बघितली.