बारवेची कामवही, टप्पा तिसरा: कुठली दरज भरायची, कुठली सोडायची

गाळ निघाला. पाणी उपसलं ते रोज फूट-दीड फूट याच बेताने. पंप लावून एका दिवसात तळ गाठला की भिंतीमागची माती ओलीच राहते, तिला समोरून पेलणारं पाणी मात्र गेलेलं असतं, आणि मग अख्खा थर आत येतो. दिवाळीनंतर चुन्याचं काम सुरू केलं.

बारव एकाच बाजूने उतरायची, म्हणजे जुन्या वर्गवारीत ‘नंदा’ (चारी बाजूंनी उतरायची ती ‘विजया’). खालचे अकरा थर घडीव बेसॉल्टचे, कोरड्या सांध्यांचे. वरचे पाच थर आणि कठडा नंतरच्या काळातला, विटा-दगड आणि चुना. हा फरक आधी नीट वाचायला हवा होता. उत्तर भिंतीवर तो वाचला गेला नाही आणि कोरड्या थरांपैकी दोन थरांच्या दरजा (दगडांमधल्या फटी) चुन्याने भरल्या गेल्या. आठ दिवसांत त्या थरांच्या खाली पांढरे ओघळ आले आणि शेजारच्या देवकोष्ठात (मूर्तीच्या कोनाड्यात), जिथे आजवर कधी ओल नव्हती, तिथे पाणी पाझरू लागलं.

कारण साधं आहे. बेसॉल्ट स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, त्यामुळे जमिनीतलं पाणी येतं ते फक्त सांध्यांतून. खालच्या कोरड्या दरजा म्हणजे बारवेचे झरेच. त्या बुजवल्या की भिंतीमागे पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि पाणी दुसरी वाट शोधतं. ओघळ होते ते न आवळलेल्या (घट्ट न झालेल्या) चुन्यातून पाणी वाहिल्याचे. दोन्ही थर बारीक छिन्नीने पुन्हा मोकळे केले. भरायला एक दिवस लागला होता, काढायला चार.

आता प्रत्येक दरजेला आधी चाकूचं पातं लावतो. पांढरा भुगा निघाला तर त्यावर लिंबाचा रस: बुडबुडे आले की जुना चुना, नाही आले तर माती किंवा साचलेली धूळ. पातं थेट दगडाला अडलं आणि काहीच निघालं नाही तर दरज कोरडी, तिला हात लावायचा नाही. भिंतीच्या फोटोवर कोरड्या दरजा लाल रेघेने आणि चुन्याच्या निळ्या रेघेने दाखवल्यात. गवंडी आणि कामाला येणारी मुलं, दोघांनाही तोच फोटो देतो.

चुना कळीचाच (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) घ्यायचा. दुकानातली फक्की (चुन्याची तयार पूड) किती दिवस पोत्यात पडून हवा खाऊन मेली आहे, याचा भरवसा नाही. कळीचा एक खडा पाण्यात टाकून बघा: काही मिनिटांत फुगून, फुटून पाणी तापलं तर माल ताजा. भिजवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. उकळी फुटते आणि शिंतोडे डोळ्यात जातात. चष्मा आणि रबरी हातमोजे नसतील तर त्या दिवशी काम बंद. एका भागाला तीन भाग पाणी, थंड झाल्यावर बारीक चाळणीतून गाळून पिंपात, वर चार बोटं पाणी कायम. कमीत कमी तीन आठवडे, जमल्यास तीन महिने. चाळणीत जे खडे उरतात ते कमी किंवा जास्त भाजलेले, पाण्यात न विरलेले. ते खाली जाऊ दिले तर जास्त भाजलेले, न विरलेले कण पुढे भिंतीत फुगतात आणि वरचा पापुद्रा उडवतात.

सुरखीसाठी (चुन्यात मिसळायच्या विटांच्या भुकटीसाठी) भट्टीच्या पक्क्या, काळपट लाल विटा चालत नाहीत. जास्त भाजलेली वीट चुन्याशी जोडत नाही. कच्च्या भाजलेल्या विटा किंवा कुंभाराकडची फुटकी खापरं घ्या. (पिठाच्या गिरणीत नेण्याचा विचार करू नका, जातं बिघडतं आणि गिरणीवाला पुन्हा दारात उभं करत नाही.) रेती 3 मिमीच्या चाळणीतून गाळलेली, दाणा टोकदार. बाटलीत रेती-पाणी हलवून ठेवायचं. वर बसलेला मातीचा थर रेतीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर रेती धुवा.

मसाला मापाने: एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन रेती. सव्वाशे ग्रॅम गूळ रात्रभर भिजवून ते पाणी. गूळ वाढवला की चुना आवळायला उशीर होतो, वर मुंग्यांची रांग लागते. चुना दळायची घाणी नाही, म्हणून लाकडी मोगरीने कुटतो. कुटता कुटता मसाला आपोआप लोण्यासारखा सैल होतो; कोरडा वाटला म्हणून लगेच पाणी ओतलं की पुढे तडे ठरलेले. सुरखी घातलेला मसाला त्याच दिवशी संपवायचा.

दरज 2 सेंमी रुंद आणि 5 सेंमी खोल असेल तर मीटरला एक लिटर मसाला, सांडलवंड धरून सव्वा. रुंदीच्या दुपटीपेक्षा कमी खोल उकरलं तर मसाला टिकत नाही. ग्राइंडर लावू नका, दगडाच्या कडा कायमच्या जातात. धुऊन, दगड ओला पण पाणी न गळणारा असताना थापीने दाबत तीन थरांत भरा. मोठ्या पोकळीत आधी दगडाच्या चिपा. बाहेरचा थर दगडाच्या कडेपासून 2-3 मिमी आत ठेवा. बोटाचा ठसा उमटेल पण मसाला चिकटणार नाही, अशा वेळी लाकडी पट्टीने ठोका. मग ओलं गोणपाट, रोज तीनदा पाणी, किमान पंधरा दिवस.

पश्चिमेच्या कठड्यावर केसासारखे तडे आले. रेती बारीक होती, दुपारचं ऊन थेट पडत होतं आणि ओला असतानाच घासून गुळगुळीत केला होता. तिथे आता सकाळी भरून दुपारी सावलीला कापड बांधतो. आवळतोय का हे बघायला बाजूला नमुन्याची वडी ठेवली आहे. ती फोडून फिनॉल्फ्थॅलिनचे (न आवळलेल्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकले: कडेला 2 मिमी रंगहीन, आत गडद गुलाबी. म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने एवढीच वाट चालली आहे. दोन महिन्यांना हे ठीकच. मात्र यामुळेच पावसाच्या तोंडावर नवं काम काढायचं नाही.

सिमेंटचे जुने ठिगळ, कठड्यावर तीन जागी, हाताने काढले. त्याखालच्या विटा ओल कोंडून भुसभुशीत झाल्या होत्या, चमच्याने निघाल्या.

पिंपळाचं रोप ओढून काढायचं नाही, मुळांबरोबर सांधा येतो. पाणी गुरं पितात म्हणून औषध मारत नाही. खोड कापून वर काळं प्लास्टिक, फुटवा आला की पुन्हा कापणी. दोन ठिकाणी मूळ बोटाएवढं झालं आहे, तिथे दगड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. 60 बाय 45 बाय 30 सेंमीचा चिरा दिसायला किरकोळ, वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे. तिपाई, चेन पुली आणि नायलॉनचा पट्टा. साखळीने कडा फुटतात. खडूने आकडा, फोटो, मगच हालचाल.

परवानगीचं: ही बारव संरक्षित यादीत नाही, ग्रामपंचायतीचा ठराव घेतला आहे. आपली यादीत असेल तर खुरपंसुद्धा लावायचं नाही, पुरातत्त्व खात्याच्या लेखी मंजुरीशिवाय. गाळातून मूर्ती वा नाणं निघालं तर जागेचा फोटो काढून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, घरी नेऊन धुवायचं नाही.

उरलंय: पूर्व कठड्याचे 14 मीटर आणि पिंपळाचे ते दोन चिरे. पिंपात मुरलेला चुना सहा घमेली आहे. 14 मीटरला तो पुरून उरेल. चिऱ्यांना चुन्याची गरजच नाही, ते खालच्या थरातले, कोरडे.