वयाचा रकाना

आपल्याकडच्या एका पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायचं तर पोर वयात बसायला हवं, म्हणून गुरुजी तीच तारीख ठोकून मोकळे होत. कागदावरचं वय हे असं, गरजेपुरतं ताणता येणारं.

पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५च्या ऑस्ट्रेलियात ते ताणायचं काम पोरं स्वतःच करत. सैन्यात जायला किमान १८ वर्षं हवीत, आणि एकविसाच्या आत असाल तर आईबापांची लेखी संमती. भरतीच्या ठिकाणी डॉक्टर उंची घेई, वजन करी, छाती आधी तशीच नि मग श्वास भरून मोजी, नजर तपाशी. डोळ्यांचा नि केसांचा रंग, अंगावरच्या खुणा, सगळं टिपलं जाई. वयाला तेवढी फीत लागत नव्हती. जन्माचा दाखला कोणी मागत नसे. अंगाने थोराड, आवाज फुटलेला, एवढं दिसलं की सांगितलेला आकडा रकान्यात पडे.

म्हणजे खरी चाळणी एकच उरे, ती घरच्या सहीची. जिम मार्टिन नावाच्या पोराने तीही ओलांडली. जन्म ३ जानेवारी १९०१चा, भरती १२ एप्रिल १९१५ची; चौदा वर्षं नि वर तीन महिने. सही दिली नाहीस तर दुसऱ्या नावाने जाईन आणि पत्रही टाकणार नाही, असं त्याने आईला बजावलं. कुठल्या आईला हा सौदा परवडेल? निदान पत्रं तरी येतील म्हणून तिने सही केली.

२ सप्टेंबरला त्याच्या ‘साउथलँड’ जहाजावर टॉर्पेडो आदळला. चार तास पाण्यात काढल्यावर त्याला वाचवलं आणि आठवड्याच्या आत तो तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर, खंदकात होता. तिथं पाणी बाहेरून बोटींनी यायचं नि खेचरांवर लादून टेकड्या चढायचं. माणशी दिवसाला कधी जेमतेम अर्धा गॅलन, म्हणजे सव्वादोन लिटर; पिणं, रांधणं, धुणं त्यातच. मग हात कोण धुणार? माश्या उघड्या शौचखड्ड्यांवरून आणि न पुरलेल्या प्रेतांवरून उठून थेट जॅमवर बसत. विषमज्वराला याहून सोपी वाट नको होती.

ठरल्याप्रमाणे जिम घरी लिहीत राहिला. घरून निघालेलं एकही पत्र मात्र त्याच्या हाती पडलं नाही. ऑक्टोबरच्या पत्रातही त्याची हीच तक्रार आहे.

ताप चढल्यावरही तो खंदक सोडायला तयार नव्हता. २५ ऑक्टोबरला त्याला ‘ग्लेनार्ट कॅसल’ या इस्पितळ-जहाजावर आणलं, तेव्हा नाडी फारच क्षीण झाली होती. इथं किती बरं वाटतंय म्हणून त्याने परिचारिकेचे आभार मानले आणि आता छान झोपतो म्हणाला. संध्याकाळी पावणेसातच्या आतच हृदय थांबलं. दफन समुद्रात झालं, त्यामुळे थडगं नाही. गॅलिपोलीतल्या लोन पाइनच्या स्मारकावर नाव आहे.

हे शेवटचे तास जहाजावरच्या मेट्रनने त्याच्या आईला लिहून कळवले.