आईच्या व्हॉल्वचे आकडे जुळत नव्हते

आई ७६ वर्षांची. दिवाळीपासून जिना चढताना मधेच कठडा धरून थांबायची, पदराने कपाळ पुसायची आणि "काही नाही गं, जरा दम लागला" म्हणायची. फॅमिली डॉक्टरांना छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज, ऐकू आला आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली.

रिपोर्टमध्ये एओर्टिक व्हॉल्वचा, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या झडपेचा, उघडण्याचा एरिया ०.८ चौरस सेंमी, १ च्या खाली म्हणजे व्हॉल्व सिव्हिअर आवळलेला. पण मीन ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्वच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला सरासरी फरक, २८ आणि रक्ताचा वेग सेकंदाला ३.४ मीटर, सिव्हिअरला ते ४० आणि ४ लागतात. हृदयाचं पंपिंग ६०%, म्हणजे चांगलं. एक डॉक्टर म्हणाले मॉडरेट आहे, ६ महिन्यांनी या, दुसरे म्हणाले सिव्हिअर असू शकतं, आता आम्ही कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्या डॉक्टरांनी मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून समजावलं. इकोत हा एरिया हिशोबाने काढतात, व्हॉल्वच्या खालच्या वाटेची रुंदी मोजून तिचा वर्ग करतात, ती वाट गोल धरतात पण असते लंबगोल. आईची रुंदी १८ मिमी आली होती, तीच २० धरली तर ०.८ चा जवळजवळ १ होतो, फक्त २ मिमीने! आणि ग्रेडियंटचं उलटंच, हृदय लहान आणि भिंती जाड असल्या की पंपिंग चांगलं दिसूनही प्रत्येक ठोक्याला रक्तच कमी बाहेर पडतं, मग व्हॉल्व चांगलाच आवळलेला असला तरी ग्रेडियंट कमी येऊ शकतो.

पहिल्या इकोच्या दिवशी बीपी १७० होतं, त्यानेही आकडे बदलतात, म्हणून बीपी आटोक्यात आणून इको परत केला. तरी तेच. घशातून नळी घालून करायचा इको आईला नको होता, आणि कॅथेटर व्हॉल्वमधून नेऊन प्रेशर मोजण्यात स्ट्रोकची थोडी रिस्क असते म्हणून ते डॉक्टरांनीच टाळलं. शेवटी कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे व्हॉल्ववर किती कॅल्शियम साठलंय ते मोजायचा, सीटी केला, इंजेक्शन नाही, डाय नाही, श्वास रोखून धरायचा, झालं.

स्कोअर आला १७४०. तिथे एकजण म्हणाले, २००० च्या आत आहे, काळजी नको. मला खूप हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आमचे डॉक्टर म्हणाले २००० पुरुषांसाठी, बायकांना १२०० पासूनच सिव्हिअरची शक्यता धरतात. म्हणजे पुरुषाच्या आकड्यावर माझ्या आईला घरी पाठवलं असतं! अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

आता टावी, म्हणजे छाती न उघडता कॅथेटरने नवीन व्हॉल्व बसवणं, करायचं ठरतंय. पुढच्या आठवड्यात परत सीटी, यावेळी डाय देऊन, नवीन व्हॉल्वच्या मापासाठी. डायआधी किडनी बघायला क्रिएटिनिनसाठी रक्त काल दिलंय.