तबल्यावर कोण?

शनिवार, रात्री

भाचीने रेकॉर्ड प्लेअर घेतलाय. फिकट हिरवा, सूटकेससारखा मिटणारा, वर ब्लूटूथ. सकाळी फोन आला, "मामा, तुझ्याकडच्या त्या जुन्या तबकड्या घेऊन ये ना. माझ्याकडे प्लेअर आहे, रेकॉर्डच नाहीत." हौस बघा! आधी मशीन, मग गाणं. तरी गेलो. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत एलपीची पिशवी छातीशी धरून उभा होतो. शेजारच्याने दोनदा विचारलं, काच आहे का म्हणून.

एलपींबरोबर एक ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी पण नेली होती. प्लेअरवर ३३, ४५, ७८ असे तिन्ही वेग लिहिलेत, त्यामुळे तिला वाटलं सगळं चालेल. वेग जमतो हो, सुईचं काय? ७८ च्या तबकडीची खाच एलपीपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी ऐंशी वर्षांची धूळ वाचत सुटते. शेंगदाणे भाजताना येतो तसला आवाज, आणि त्याच्यामागे कुठेतरी एक बाई भैरवी गातायत. "व्वा, किती ऑथेंटिक!" भाची म्हणाली. मी सुई उचलली.

मग एलपी लावली. आवाज ब्लूटूथवरून कोपऱ्यातल्या स्पीकरवर. म्हणजे खाचेतून निघालेला सूर पेटीतल्या पेटीत आकड्यांत बदलला, दाबून बारीक झाला आणि हवेतून चार फुटांवर गेला. मी हे सांगायला लागलो तर म्हणाली, "मामा, गप्प बस आणि ऐक." ऐकलं. बाजू संपल्यावर ती उठली, तबकडी उलटी केली, परत येऊन बसली. मधे एकदाही फोन हातात घेतला नाही. एवढ्या वेळात तिच्या आईचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते.

रविवार

एलपीचा आवाज 'उबदार' असतो असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. पण रोजनिशीत लिहायला कोणाची भीती? आवाजापुरतं बोलायचं तर साधी सीडी एलपीच्या पुढे आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट. हळू आणि मोठ्या आवाजातलं जे अंतर सीडी सांभाळते ते एलपीला झेपत नाही. आपल्या गाण्याच्या बाबतीत तर एलपीची एक खोड फारच नडते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकसारखे फिरते, पण कडेच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर लांबीची खाच जाते आणि आतल्या टोकाला जेमतेम २०. तेवढ्याशा जागेत तोच ऐवज कोंबायचा, त्यामुळे आत आत जाताना आवाज चिरकायला लागतो. आता आपला ख्याल कसा चालतो? आधी विलंबित, मग द्रुत, शेवटी ताना. गायक जिथे सगळ्यात वेगात, तिथे खाच सगळ्यात मंद. तबकडी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बडा ख्याल नव्हता, दुसरं काय!

आणि काळाची कात्री होतीच. ७८ च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई यांनी तेवढ्यात राग उभा केला, ही त्यांची कमाल. एलपी १९४८ साली आली तेव्हा वीस-बावीस मिनिटं मिळाली, कॅसेटने अर्धा तास दिला, सीडीने ७४ मिनिटं. आता तर मर्यादाच नाही. फक्त पैसे मोजायची पद्धत अशी की मोठ्या ॲपवर तीस सेकंद ऐकलं की एक 'ऐकणं' झालं. चाळीस मिनिटांचा दरबारी आणि चाळीस सेकंदांची जाहिरातीची धून, दोन्ही एकाच मापाने. विलंबित गाणाऱ्याने काय करावं?

तर आवाज हा माझा मुद्दाच नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती तबला शिकलेल्या माणसाची आहे. काल रात्री परत आल्यावर तोच राग, त्याच गायकाचा, फोनवर शोधला. सापडला, अर्ध्या मिनिटात. एलपीच्या मागच्या बाजूला राग, ताल, दोन्ही बंदिशींचे पहिले शब्द, तबला, हार्मोनियम, तानपुऱ्यावरच्या दोन्ही शिष्यांची नावं. फोनवर? गायकाचं नाव, रागाचं नाव (तेही चुकीच्या स्पेलिंगने), आणि चित्र म्हणून तळ्यातलं कमळ. विलंबित आणि द्रुत दोन वेगळ्या 'ट्रॅक'मध्ये तोडलेले. त्यांच्यामधे सेकंदभर शांतता, जिथे खरं तर तबलजी समेवरून द्रुताचा ठेका उचलतो. शफल चालू असेल तर द्रुत आधी, मग कुणाची तरी गझल, मग विलंबित.

एकतालाचा तो संथ ठेका, 'धिं धिं धागे तिरकिट', अर्धा तास एकाही मात्रेची घाई न करता धरून ठेवणारा माणूस कोण होता, हे जगातली सगळी गाणी खिशात असूनही कळत नाही. आकाशवाणीवर निवेदिका गाण्याआधी आणि नंतर साथीदारांची नावं न चुकता सांगायची. आम्ही मुलं त्या नावांसाठी रेडिओजवळ बसायचो.

खरं सांगायचं तर ७८ च्या लेबलवरही तबलजीचं नाव क्वचितच असायचं. तेव्हा सगळा दोष नव्यावर टाकायला नको. पण गंमत अशी की अगदी सुरुवातीला नाव थेट तबकडीतच घालत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गाणं संपल्यावर तिने इंग्रजीत मोठ्याने म्हटलं, "माय नेम इज गौहर जान!" तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोण गातंय हे कळावं म्हणून ही सोय. एकशे वीस वर्षांपूर्वी हॅनोव्हरच्या कामगाराची जी काळजी घेतली ती आज माझी कोणी घेत नाही.

बुधवार

पाऊस थांबत नाही. कपाट उघडलं तर कॅसेटींवर बुरशी. काही फितींच्या कडेला पांढरी लव दिसते, त्या वाजवल्या तर हेडही खराब होणार. अलूरकरांकडून, पुण्यातल्या कर्वे रोडवरच्या दुकानातून आणलेल्या कॅसेटींची कव्हरं मात्र नीट आहेत. नावं वाचता येतायत. गाणं गेलं, नावं राहिली. (मुंबईत रिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा पेपरवाल्यांनी रकाने भरले. अलूरकर गेल्यावर पुण्यात आम्ही चार लोक हळहळलो.)

आईने कारवाँ लावला होता. रेडिओसारखा दिसतो, आत पाच हजार गाणी, बटण दाबलं की सुरू. तिला फोनवर गाणं लावता येत नाही आणि शिकायचंही नाही. तिच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातला हा सर्वोत्तम शोध आहे. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी बराच वेळ संगणकावर गेला आणि तो चांगला गेला, हेही लिहिलं पाहिजे. हौशी संग्राहक ७८ च्या तबकड्या धुऊन, योग्य सुई लावून, उतरवून इंटरनेटवर टाकतात. लेबलचा फोटो असतो, मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या साच्याचा नंबर) असतो. मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या लोकांनी तर अशा तबकड्यांची माहिती जमवून आपल्या नियतकालिकात वर्षानुवर्षं छापली. ज्या बायकांची नावं आम्ही फक्त म्हाताऱ्या गवयांच्या तोंडून ऐकली होती, त्या आज डोंबिवलीत माझ्या टेबलावर गातात. चोरबाजारात जन्मभर हिंडलो असतो तरी यातलं बरंचसं मिळालं नसतं.

एकच कुरबुर. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ च्या वेगानेच मुद्रित झालेल्या नसत, कुठे कमी कुठे जास्त. उतरवणाऱ्याने डोळे मिटून ७८ वर फिरवली की गायक अख्खा स्वरभर वर चढतो. काळी चारच्या पट्टीत गाणारा काळी पाचात जाऊन बसतो आणि लोक खाली लिहितात, काय तयार आवाज! हातात तबकडी असेल तर वेगाचा खटका थोडा सरकवून कानाने लावता येतं. अपलोड झालेलं तसंच गोठून बसतं. मी एकाला तसं लिहिलं. त्याने नम्रपणे विचारलं, मूळ पट्टी तुम्हाला कशावरून माहीत? बरोबर आहे त्याचं.

रात्री भाचीचा मेसेज. तिने कुठूनतरी वाचलं की गायिका केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात आहे, खरं का? खरं आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाईंचं 'जात कहाँ हो' आहे. यानं सुटल्यावर महिन्याभरातच केसरबाई गेल्या. ज्या बाई ध्वनिमुद्रणाला नेहमी नाखूष, त्यांचाच आवाज सगळ्यात लांब पोचला. तिला लिहिलं: तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची, आणि बरोबर सुई व कार्ट्रिजसुद्धा ठेवलंय, तुझ्या हिरव्या पेटीसारखं नाही. त्यावर तिने विचारलं, "तबल्यावर कोण आहे?"

चार दिवसांत शिकली पोरगी. यादी काढून पाहिली. भारत, राग, 'जात कहाँ हो', सूरश्री केसरबाई केरकर, ३ मिनिटं ३० सेकंद. बस्स.

उद्या तिला ७८ ची सुई त्या प्लेअरला बसते का ते विचारून ठेवायचंय. बसली तर ठीक, नाहीतर माझा जुना टर्नटेबल द्यावा, त्याला निदान बेल्ट नवीन आहे. आणि कॅसेटच्या कव्हरांचे फोटो ओल लागायच्या आत काढून टाकायचे. सगळ्यांचे नाही, ज्यांवर साथीदार छापलेत तेवढ्यांचे.