तुम्ही विचारलेत म्हणून : लिंबची विहीर आणि गोंद

आमच्या साताऱ्याच्या घरी बैठकीच्या खोलीतील कपाटात लेगोच्या, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या, विटांनी रचलेली लिंबची बारा मोटेची विहीर ठेवली आहे. घरी येणारी मंडळी वाकून तिच्यात डोकावतात, कौतुक करतात आणि मग बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : “अहो, एवढे कष्ट घेतलेत, तर फेविक्विकने चिकटवून का टाकत नाही? उद्या कुणाचा धक्का लागला म्हणजे?” प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, पण निरोप घेता घेता त्याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे लिहितो.

ही विहीर कोणत्याही खोक्यातून आलेली नाही. किटसोबत पुस्तिका मिळते आणि तिच्याप्रमाणे जोडत गेले की मॉडेल उभे राहते. त्यातही आनंद आहेच. परंतु पुस्तिका नसताना, हाती असलेल्या भागांतून स्वतःच्या विचाराने रचलेले मॉडेल ही निराळी गोष्ट आहे. जगभरातील हौशी लोक त्याला ‘मॉक’ म्हणतात, आणि मॉकमध्ये खरी कसोटी असते ती जोडाची.

डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो कंपनीने 28 जानेवारी 1958 रोजी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या रचनेत विटेच्या पोटात नळ्या आल्या. वरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, त्या नळ्या आणि विटेची भिंत यांच्यामध्ये घट्ट बसतात. आधीच्या पोकळ विटांना अशी पकड नव्हती. आज विकत घेतलेली वीट 1958 च्या विटेवर बसते, कारण मापे ठरलेली आहेत : दोन स्टडमधील अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 मिलिमीटर आणि चपट्या प्लेटची उंची तिच्या एक तृतीयांश, म्हणजे 3.2 मिलिमीटर. या मापांशी प्रामाणिक राहून जे उभे राहील तेच खरे, असे मी मानतो.

आता विहिरीकडे वळू. साताऱ्यापासून महामार्गाने पुण्याच्या दिशेला निघून लिंबकडे वळले की ही विहीर लागते. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ती बांधून घेतली. व्यास सुमारे 50 फूट, खोली सुमारे 110 फूट, एका वेळी बारा मोटा चालतील अशी काठावर सोय आणि आत चक्क एक महाल. वरून पाहिले तर तिचा आकार शिवलिंगासारखा दिसतो, आणि त्यातला मुख्य भाग अष्टकोनी आहे. माझे सारे काम या अष्टकोनाभोवती फिरले.

लेगोचा पाया म्हणजे चौकोनी ओळींतल्या ठिपक्यांची रांगोळी. आडव्या-उभ्या रेषेत ठिपके मोजावेत आणि भिंत उभी करावी, इतके ते सोपे असते. तिरकी भिंतही कधी कधी बिनचूक बसते : तीन ठिपके आडवे आणि चार उभे गेले की तिरके अंतर बरोबर पाच भरते. अष्टकोनाला मात्र 45 अंश लागतात, आणि तेथे 2 चे वर्गमूळ आडवे येते. पाच आडवे, पाच उभे गेल्यावर तिरके अंतर सात भरत नाही, 7.07 भरते. फरक अवघा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक आहे, पण तेवढ्यासाठी दोन्ही टोके दाबून बसवली तर प्लॅस्टिकवर ताण येतो आणि कालांतराने एखादा भाग तडकतो. बारा आणि बारा घेतले तर उत्तर सतराच्या फार जवळ, 16.97 येते, पण त्या मापाची विहीर सुमारे 33 सेंटिमीटर रुंद आणि 70 सेंटिमीटरहून खोल झाली असती. तेवढे भाग कोठून आणायचे आणि ती ठेवायची कोठे?

उत्तर सापडले ते भिंतींना पायापासून मोकळे केल्यावर. आठही भिंती सारख्या लांबीच्या करून त्या बिजागरीच्या प्लेटांनी एकमेकींना जोडल्या, तर त्यांचे कडे स्वतःपुरते बिनचूक अष्टकोनी होते; त्याला पायावरील ठिपक्यांची गरजच उरत नाही. म्हणून फक्त एक भिंत पायाच्या स्टडवर बसवली आणि उरलेल्या सात भिंती गुळगुळीत, म्हणजे स्टड नसलेल्या, टाइलवर नुसत्या टेकवल्या. कड्याची रुंदी साडेतेरा सेंटिमीटर झाली, म्हणजे प्रमाण साधारण 1:113, आणि त्या प्रमाणात 110 फुटांची खोली बरोबर 31 विटांची भरली! संगणकावर हा आकडा दिसला तेव्हा मला जो आनंद झाला, तो पूर्ण विहीर पाहतानाही क्वचितच होतो.

सगळेच असे जमत नाही. या प्रमाणात एका प्लेटची पायरी प्रत्यक्षात सुमारे 36 सेंटिमीटर उंच होते, म्हणून पायऱ्या मोजून न दाखवता जिन्याचा उतार तेवढा खरा ठेवला. काळ्या दगडासाठी गडद राखाडी विटा घेतल्या, कारण निव्वळ काळ्या रंगात सांधे दिसेनासे होतात आणि भिंत सपाट वाटते.

आता गोंदाचे. लेगोच्या विटा 1963 पासून एबीएस प्लॅस्टिकच्या आहेत, आणि या प्लॅस्टिकसाठी वापरले जाणारे द्रावक गोंद पृष्ठभाग विरघळवून तो जोडतात. ती वीट पुन्हा सुटत नाही. लेगोलँडसारख्या उद्यानांतील मोठी मॉडेल चिकटवलेली असतात. ते योग्यच आहे, कारण ती ऊन-पावसात उभी राहतात आणि हजारो माणसे त्यांच्याजवळून जातात. घरातल्या मॉडेलला त्याची गरज नाही. उलट माझ्या विहिरीत सात भिंतींना जी किंचित हालचाल मोकळी ठेवली आहे, तीच गोंदाने बंद होईल. शिवाय गोंद हाताशी असता तर बिजागरीचे कडे सुचलेच नसते. अर्ध्या मिलिमीटरची फट एका थेंबाने बुजवून मी पुढे गेलो असतो.

धक्क्याची भीती मात्र खरी आहे, आणि तिची सोय मी रचनेतच केली आहे. महाल, काठ आणि विहिरीचे कडे हे तीन भाग वेगळे उचलता येतात. त्यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी टाइल आहेत आणि पकडीपुरते मोजके स्टड आहेत. मॉडेल हलवायचे असेल तर तीन खोक्यांत जाते. कुणी विचारले तर महाल अलगद उचलून बाजूला ठेवतो आणि खालची बिजागरी दाखवतो. पुढच्या वेळी याल तेव्हा तुम्हीच उचलून पाहा.