रोजनिशी : डाव्या डोळ्यातल्या वाकड्या रेघा

सोमवार, रात्र

आज पुन्हा उजवा डोळा झाकून आम्सलरचा चौकटींचा तक्ता पाहिला. वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरापेक्षा थोडा जवळ. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवली की खालच्या रेघा अजूनही आत खेचल्यासारख्या दिसतात आणि एक चौकट बाकीच्यांपेक्षा मोठी. गेल्या वेळी होतं तसंच. आणि ‘तसंच’ म्हटल्यावर खरंच जीव भांड्यात पडतो.

ओसीटीचं, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) प्रकाशाने केलेल्या स्कॅनचं, चित्र समोर ठेवून डॉक्टरांनी समजावलं तेव्हाच पडद्यावर पापुद्रा धरण्याचा हा आजार नीट कळला. १९९१ साली हे तंत्र जगासमोर आलं. पडद्याचे थर असे उभे कापल्यासारखे दिसतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. वयाबरोबर डोळ्यातलं व्हिट्रियस जेल आक्रसतं आणि पडद्यापासून सुटतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. काहींच्या पडद्यावर मात्र त्यानंतर पेशी पसरून पातळ, पारदर्शक पापुद्रा धरतो. तोच एपिरेटिनल मेम्ब्रेन. वाळता डिंक खालचा कागद ओढून घेतो, तसा तो आवळताना मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाला, चुण्या पाडतो. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं सगळं पडद्याच्या या मधल्या भागावर अवलंबून. म्हणून मला त्या डोळ्याने दार, खुर्ची, जिना दिसतो, पण ओळ वाचायला घेतली की शिरोरेषा मध्येच खाली झुकते आणि ‘क्ष’चा नुसता गोळा होतो.

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो. एकेक डोळा झाकून पाहण्याचा हट्ट मी घरात सगळ्यांपाशी धरते तो त्यासाठीच.

ताईने आज परत थेंबांचं विचारलं. तिचा जीव तुटतो, कळतं मला. पण थेंब, गोळ्या, डोळ्यांचे व्यायाम यांनी हा पापुद्रा जात नाही, आणि चष्म्याचा नंबर बदलून चुण्या सरळ होत नाहीत. उपाय एकच, व्हिट्रेक्टोमी: जेल काढायचं आणि बारीक चिमट्याने पापुद्रा सोलायचा. नजर सुधारायला महिने लागतात. वाकडेपणा बहुधा कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. डोळ्यातलं भिंग अजून स्वतःचंच असेल तर ऑपरेशननंतर त्यात मोतीबिंदू भराभर वाढतो. जंतुसंसर्ग आणि पडदा सुटणं हे धोके कमी असले तरी आहेतच.

म्हणून सध्या थांबायचं, हे मी विचार करून ठरवलंय. पुष्कळांचा पापुद्रा वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतो. पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. नजर फार खालावल्यावर ऑपरेशन केलं तर हाती कमी लागतं. तक्ता, ठरलेली तपासणी आणि रोजची कामं अडतात का यावर लक्ष, एवढं चुकवायचं नाही.

मोबाइलवरची अक्षरं मोठी केली, वाचायला बाजूने दिवा घेतला. बरं पडतंय. अचानक काळे ठिपके वाढले, विजा चमकल्या किंवा कडेने सावली सरकू लागली तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे ताईलाही सांगून ठेवलंय.

पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायचं: ऑपरेशनची वेळ आलीच, तर मोतीबिंदूही तेव्हाच काढायचा की नंतर?