ऊन पडलं तरी पंचगंगा चढतच होती

त्या दिवशी कोल्हापुरात लख्ख ऊन पडलं आणि तीच माझी अडचण होऊन बसली. जुलै संपत आला होता. आठवडाभर झोडपल्यावर पावसानं सकाळी उघडीप दिली, लोकांनी गॅलरीत कपडे वाळत घातले, आणि मी परदेशी वाचकांसाठी पंचगंगेच्या पुरावर लेख लिहीत बसले होते. दुपारी संपादकबाईंचा मेल आला. उपग्रहाच्या चित्रात तुमच्या शहरावर ढग दिसत नाहीत, मग नदीची पातळी वाढतेय हे कसं? आकडा तपासाल का?

आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा होता. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पाणी दोन्हींच्या मधे होतं आणि तासातासाला इंचाइंचानं वर सरकत होतं. हे फूट म्हणजे नदीची खोली नव्हे, बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरचा आकडा, हेही मला समजावून लिहावं लागलं. आमच्याकडे शाळेतलं पोरगंही पावसाळ्यात ‘किती फुटांवर?’ एवढंच विचारतं, त्यामुळे हे कुणाला सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

मेलला उत्तर देण्याआधी पाणी बघून यावं म्हणून निघाले. पाणी बघायला जाणं हा कोल्हापूरकरांचा पावसाळ्यातला कार्यक्रमच. पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर अर्धं शहर लोटलं होतं. पोलीस शिट्ट्या मारून थकले होते. पाण्याच्या कडेला कुणीतरी खुणेसाठी वीट ठेवली होती. चहाचा कप हातात घेऊन मी तिच्याकडे बघत राहिले. पाणी बाजूनं वळसा घालून आलं, ओल विटेत खालून वर चढत गेली, आणि वरच्या कोरड्या भागावर अजून ऊनच होतं. कप रिकामा होईस्तोवर वीट गेली. शेजारी उभ्या असलेल्या मामांनी चार पावलं मागं दुसरी ठेवली.

“मामा, पाऊस तर थांबलाय की,” मी मुद्दामच म्हटलं.

“हितला थांबलाय. गगनबावड्याचा कुठं थांबलाय? आन् राधानगरीची दारं उघडल्यात न्हवं.”

मामांनी दोन वाक्यांत सांगितलं त्याचे मी लेखात चार परिच्छेद केले. शहरातला पाऊस पंचगंगेला फारसा चढवत नाहीच. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात रिते होतात. डोंगर ओलांडून पूर्वेला यावं तसा पाऊस झपाट्यानं कमी होतो. पश्चिमेचं ते पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून खाली येतं आणि प्रयाग चिखलीच्या संगमाहून कोल्हापुरात पोचायला वेळ घेतं. त्यात भोगावतीवरचं राधानगरी धरण, राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानंच उघडतात, बटण दाबायला कुणी लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला ४० हजार लिटरच्या आसपास. पुढं नृसिंहवाडीला कृष्णा आधीच तुडुंब असली तर पंचगंगेला वाट मिळत नाही, फुगवटा मागं येतो. म्हणून आमचा पूर चढतो भराभर आणि उतरताना अंत बघतो.

संध्याकाळी बाईंचा फोन. हे सगळं त्यांना पटलं, आवडलंही. पण पहिल्याच वाक्यात ‘हवामान बदलामुळे आलेला पूर’ असं हवं होतं. आधाराला त्यांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७चा अभ्यास काढला होता. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात आहे. अभ्यास भक्कम आहे, पण कोल्हापूर त्या मध्य भारताच्या पट्ट्यात येतच नाही. तिपटीचा आकडा उचलून पंचगंगेला चिकटवायला मी तयार नव्हते. हवा एक अंश सेल्सियसनं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, समुद्र तापतोय, मोठा पाऊस आणखी मोठा व्हायला वाव आहे, एवढं मी लिहीन म्हटलं. या विशिष्ट पुरात त्याचा वाटा किती, हे वेगळं गणित करून ठरवावं लागतं आणि ते त्या दिवशी कुणीच केलेलं नव्हतं. वर पूररेषेतली बांधकामं आणि भराव हवामान बदलानं केलेले नाहीत.

बराच वेळ रस्सीखेच चालली. मजा म्हणजे दुपारी घाटावर मी याच्या उलट बाजूनं हाच वाद घातला होता. तिथं सगळ्यांचं एकच उत्तर होतं, अलमट्टी, म्हणजे खाली कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. कर्नाटकानं पाणी अडवलं की आम्ही बुडतो, विषय संपला. २०१९ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, त्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. हे मी सांगितलं तर मामा म्हणाले, “समितीच्या घरात पाणी शिरलं हुतं का?”

शेवटी हवामान बदलाचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात गेलं, मला हवं तसं, आणि अलमट्टीचा वाद दोन ओळींत राहिला. मथळ्यात बाईंनी ऊनच घेतलं. पूर ओसरल्यावर त्याच रस्त्यावर मामा भेटले, कपडे चिखलानं माखलेले, हातात खराटा.

“काय पोरी, छापलंस का अलमट्टीचं?”

“छापलं की.”

“काय म्हणून?”

सांगितलं. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, दोन चहा मागवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.